भिंत पेटत नाही, मग भीती कसली?

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हमखास ऐकू येतं : “आपली बिल्डिंग आरसीसीची, तिला काय आग लागणार?” काँक्रीट पेटत नाही हे खरंच. पेटतात आतले सोफे, पडदे, प्लायवूड. तापलेला धूर छताखाली साचतो आणि पाचशे-सहाशे अंशांवर गेला की अख्खी खोली एकदम भडकते. ती आग त्या खोलीतच अडली पाहिजे. भिंती, स्लॅब आणि फायर डोअर असतात ते त्यासाठी. त्यांना ना पाणी लागतं, ना वीज.

“पोलाद दीड हजार अंशांना वितळतं, एवढी आग तापतेच कुठे?” वितळायची गरजच नाही. साडेपाचशेच्या आसपास त्याची ताकद निम्म्यावर येते आणि प्रमाणित चाचणीच्या भट्टीत तेवढं तापमान पाच मिनिटांत होतं. पोलादी खांबांवरचा अग्निरोधक लेप पोलादाला अमर करत नाही, तास-दोन तास मिळवून देतो.

सगळ्यात जीवघेणा गैरसमज म्हणजे ज्वाळाच जीव घेतात हा. 1980 साली लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग लागली खालच्या मजल्यावर. 85 जण दगावले, त्यातले बहुतेक वरच्या मजल्यांवर, आगीपासून कितीतरी दूर. जिने आणि लिफ्टच्या पोकळ्यांतून धूर वर चढला होता.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 च्या रात्री चौथ्या मजल्यावरच्या घरातली आग बाहेरच्या ज्वलनशील आवरणावरून अर्ध्या-पाऊण तासात माथ्यावर पोहोचली. 72 बळी गेले. त्या आवरणावर पुष्कळ लिहिलं गेलं, दारांवर त्या मानाने कमी. कित्येक घरांच्या दारांना आपोआप मिटवणारे क्लोजर नव्हते किंवा चालत नव्हते. माणसं पळाली, दारं उघडी राहिली, लॉबीत धूर भरला.

आपल्याकडे क्लोजर असतो, पण वारा यावा म्हणून जिन्याचं दार झाडाची कुंडी लावून उघडं ठेवलेलं असतं. नावापुरतंच फायर डोअर!

इलेक्ट्रिक डक्टची कथा याहून वाईट. प्रत्येक मजल्यावर तो अग्निरोधक मालाने बुजवलेला हवा, नाहीतर ती सरळसरळ चिमणीच. ब्रॉडबँडवाला येतो, ड्रिलने भोक पाडतो, वायर ओढून निघून जातो. मग कुणीतरी हार्डवेअरच्या दुकानातला साधा पिवळा फोम त्यात मारतो. वरून भोक बुजलेलं दिसतं. पण तो फोम स्वतःच पेट घेतो. तिथे फायर-रेटेड सीलंटच लागतं.