चुक्याचे कूळ ओळखा पेरावरून

परसातला चुका, ओढ्याकाठचा गुलाबी तुऱ्यांचा शेरळ आणि उपवासाच्या पिठाचा कुट्टू हे एकाच कुळातले. शास्त्रीय नाव पॉलिगोनेसी.

मुख्य खूण पेरावर. पान फुटते तिथे पातळ पापुद्र्याची नळी खोडाला वेढून असते. कोवळ्या शेंड्याकडे बघा. जुन्या पेरावर ती फाटून जाते. पालक, तांदुळजा यांना अशी नळी नसते. पेरेही बहुधा फुगीर. फुले बारीक, आणि चुका, कुट्टू यांचे बी तिधारी.

नुसत्या आंबट चवीवर जाऊ नका. अंबाडीही आंबट, पण ती कापूस-भेंडीच्या कुळातली. अनोळखी पाला तर चाखूच नका. शेरळाच्या काही भाऊबंदांच्या रसाने तोंडाची आग होते.

चुक्यात ऑक्सॅलिक आम्ल भरपूर. म्हणून मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ही भाजी डॉक्टरांना विचारूनच खावी.

कुट्टू पिकतो हिमालयाच्या डोंगरात. गव्हाशी त्याचे नाते नाही. पीठ झाले की खूण संपली. तेव्हा दाणा मिळाला तर तिधारी बघून घ्या अन् घरीच दळा.