मेथी निवडता निवडता

‘भाषा आपली. रडवलं. परत नको.’

‘जोगवा’चं हे परीक्षण कालनिर्णयच्या पानावर आहे, ‘दूध दीड लिटर’च्या खाली, निळ्या बॉलपेनानं लिहिलेलं. लिहिणारी आमची आत्ती, मुक्काम मंगळवार पेठ, कोल्हापूर. गुडघ्यांनी थिएटरचे जिने बंद केले तेव्हापासून ती सगळे पिच्चर घरीच बघते आणि सकाळी दुधाचा हिशेब मांडताना रात्रीच्या पिच्चरचाही निकाल लावून टाकते. चौकटीत आधीच तिथी, एकादशी, गॅस आल्याची खूण. उरलेल्या जागेत सात-आठ शब्द मावले तर मावले. कथासूत्र सांगत बसायची सोयच नाही.

‘परत नको’ ही तिच्याकडची वरची श्रेणी. राजीव पाटलांचा हा चित्रपट राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेला, यल्लमाला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींचा. उपेंद्र लिमयेंना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आत्तीचं माहेर गडहिंग्लजकडचं. दारात चौंडकं वाजलेलं तिनं लहानपणी ऐकलंय. “असलं दोनदा बघवत नसतंय,” एवढंच तिचं स्पष्टीकरण.

बाकीच्या चौकटी चाळल्या तर ‘सामना’पुढे सापडतं : ‘चेअरमन ओळखीचा वाटला.’ निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे-पाटील पडद्यावर आला १९७५ साली. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात बसून याहून जास्त काय लिहायचं? कोणाच्या ओळखीचा, हे ती सांगत नाही, मीही विचारत नाही. ‘कोर्ट’ : ‘माणसं खरी. घाई नाही.’ आणि १९८८ची ‘अशी ही बनवाबनवी’ वर्षातून कितीदा तरी भेटते, पण तिच्यापुढे मत कधीच नसतं, नुसतं ‘परत’. हा पिच्चर घरात कोणी बघत नाही; सगळे पुढचा संवाद आधी म्हणून टाकायला बसलेले असतात.

मला या मतांपेक्षा ती तयार कशी होतात याचं जास्त कुतूहल. म्हणून मी पिच्चर सोडून आत्तीकडं बघत बसतो.

जेवणं उरकली की परातीत मेथीची जुडी येते, खाली वर्तमानपत्र. ट्यूबलाइट चालूच, कारण अंधारात डोळे जातात असा घरचा कायदा. नातू मोबाइलवरून टीव्हीवर पिच्चर लावतो. त्याआधीचा अर्धा तास नुसती नावं खाली-वर. “ह्यो बघितलाय.” “न्हाई गं, तो दुसरा.” “ह्यो नको, ह्यात सगळी कुजबुजत्यात.” शेवटी चहा ज्यानं केला त्याचं ऐकायचं, असं ठरतं.

मग सुरू होतं खरं परीक्षण, आणि ते बोटांत असतं. पिच्चर रटाळ असला की मेथी भराभर निवडली जाते : पानं परातीत, देठं कागदावर, मान वर नाही. बरा असला की चाल मंदावते. आणि चांगला असला की काडी अंगठा आणि तर्जनीच्या मधे तशीच अडकून राहते. परेश मोकाशींची ‘वाळवी’ लागली त्या रात्री जुडी निम्मी तशीच फ्रीजमध्ये गेली. सकाळी चौकटीत होतं : ‘कोण मरणार कळेना. हसलो.’ (‘हसलो’च, आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात.) तिला बोटांचं विचारलं तर म्हणाली, “काय तरी बघत बसतोस. पिच्चर बघ.”

घरी बघणाऱ्याच्या तक्रारीही घरच्याच असतात. पहिली आवाजाची. गाणं आलं की भिंती हादरतात, माणसं बोलायला लागली की काही कळत नाही, आणि रिमोट या हातातून त्या हातात. यात आत्तीच्या कानांचा दोष थोडाच आहे. थिएटरात संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात, संगीत आणि बाकीचे आवाज बाजूंच्या. शिवाय हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर मोठ्या हॉलच्या हिशेबानं ठेवलेलं असतं. तेच सगळं टीव्हीच्या पाठीमागच्या दोन चिमुकल्या स्पीकरांत कोंबलं की पहिला बळी संवादाचा जातो. ‘कुजबुजत्यात’ हा शेरा मी तरी तांत्रिक परीक्षण म्हणून वाचतो.

दुसरी तक्रार खंडांची. बेल, कुकर, पुण्याच्या लेकीचा फोन. पिच्चर दोन रात्रींत संपतो आणि उत्तरार्धावर उगाच खापर फुटतं. समीक्षक अंधारात सलग बसतो, त्याला हे सोसावं लागत नाही. आत्तीचे काही निकाल यापायी सरळ अन्यायाचे आहेत. ‘किल्ला’पुढे ‘पाऊस फार’ लिहिलंय. आता अविनाश अरुणच्या त्या कोकणात पाऊस नाही पडायचा तर काय!

पण हे गाव पिच्चरच्या बाबतीत कोणाचं सहज ऐकून घेणारं नाही, त्यालाही कारण आहे. घरापासून चालत खरी कॉर्नरला गेलं की कॅमेऱ्याच्या आकाराचं स्मारक दिसतं, महाराष्ट्र फिल्म कंपनीचं. बाबूराव पेंटर मुळात नाटकाचे पडदे रंगवणारे. त्यांनी कॅमेरा इथंच जुळवला, १९२० साली ‘सैरंध्री’ काढला, ‘सिंहगड’साठी दिव्यांच्या उजेडात रात्रीचं चित्रण केलं. १९२९ साली प्रभात निघाली तीही इथंच, पुण्याला गेली नंतर. मग भालजींचा जयप्रभा स्टुडिओ. म्हणजे पेठेतल्या एखाद्या घरात शिंपी, सुतार, रंगारी, नाहीतर गर्दीत उभा राहिलेला मावळा निघायचाच.

आमच्या शेजारचे अण्णा हे त्यातले मावळे. तरुणपणी भालजींच्या एका ऐतिहासिक चित्रपटात ते घोड्यामागून पळालेत. तो लागला की बोलावणं जातं. अण्णा कथेकडं बघतच नाहीत. “घोडं बिथरलेलं बघ, ते कापलं न्हाई.” “फेटा उलटा बांधलाय त्याचा.” स्वतः ते एकदाच दिसतात, पाठमोरे, आणि तेवढ्यात कोणीतरी हमखास मधे येतं. त्यांचं मत दर वेळी एकच : “पळणं खरं हुतं.”

मध्यंतरी नातवानं यूट्यूबवर ‘अयोध्येचा राजा’ काढला. १९३२चा, प्रभातचा पहिला बोलपट, कोल्हापुरातच झालेला. शांतारामबापूंचं दिग्दर्शन, गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गा खोटे तारामती. प्रिंट पावसात भिजल्यासारखी. पण गंमत अशी की आत्ती स्वयंपाकघरात होती तरी तिला शब्दन् शब्द कळत होता. पार्श्वगायन तेव्हा नव्हतंच. नटानं कॅमेऱ्यापुढं स्वतः गायचं, साथीदार चौकटीबाहेर बसलेले, आणि बोलायचं ते माइकला नीट पोचेल असं. त्यात टेंबे संगीत नाटकातले, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय असलेले. “ह्यात कोण कुजबुजत न्हाई,” आत्ती परात घेऊन बाहेर येत म्हणाली.

अर्ध्या तासानं नातवानं गुपचूप वेग दीडपट केला. हरिश्चंद्र तुरुतुरु चालायला लागला, गाण्याची लय धावायला लागली.

“अरं ए, थांबीव ते,” आत्ती म्हणाली. “राजाचं राज्य जायचंय. येळ लागतोय त्याला.”

“दोन-अडीच तासांचा हाय आत्ती, उद्या शाळा हाय माझी.”

“मग तू झोप जा.”

अण्णांनी मध्यस्थी केली : बोलणं दीडपट चालेल, गाणी आहेत त्या वेगानं. तारामती आली की वेग कमी, हे कलम आत्तीनं घुसडलं. नातू रिमोट घेऊन बसला, दर दोन मिनिटांनी कमी-जास्त करत. आणि विश्वामित्र आले तेव्हा कुठला वेग लावायचा यावर पुन्हा भांडण सुरू झालं.