आजारी कोंबडीस औषध देताना

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात, आपटाळे, इंगळून, आहुपे ह्या बाजूच्या वाड्यांवर, ज्या घरात डालगे नाही असे घर क्वचितच आढळेल. ह्या कोंबड्या संख्येने पाच-दहाच असतात. परंतु त्यांचे उत्पन्न बहुधा घरच्या बाईच्या हाती राहते. तेलमीठ, मुलांच्या वह्या, अचानक आलेला पाहुणा, हे सारे त्यातूनच भागते. चांगली खुडूक बसणारी एखादी कोंबडी दगावली की तिच्याबरोबर पुढील उबवणीची दहा-बारा पिलेही गेली असे समजावे. म्हणून अशी कोंबडी पिसे फुगवून कोपऱ्यात बसली, की घरातील माणसे हाताशी असेल ते औषध तिला पाजू लागतात. हेतू चांगला असतो. पण पुष्कळदा कोंबडी रोगाने न मरता औषधाने मरते.

असे का होते, हे कोंबडीची चोच उघडून पाहिल्यास लगेच ध्यानात येते. जिभेच्या मुळाशी एक लहानसे छिद्र श्वासाबरोबर उघडझाप करीत असते. ते श्वासनलिकेचे तोंड होय. कोंबडीला उताणी धरून, मान मागे ओढून चमचाभर पातळ औषध घशात ओतले, की त्यातील काही भाग ह्या छिद्रातून थेट फुप्फुसात उतरतो. कोंबडी एकदोन वेळा धडपडते आणि शांत होते. मग “औषध लागू पडले नाही” असे म्हटले जाते.

औषध पाजणे हे दोघांचे काम आहे. एकाने कोंबडीचे पंख अंगाशी मिटवून तिला काखेत उभी, म्हणजे पाय खाली व डोके वर राहील अशी धरावी. दुसऱ्याने चोच अलगद उघडावी. चोचीखाली लोंबणारे लाल कातडे हळूच खाली ओढल्यास चोच आपोआप उघडते. सुई काढलेल्या सिरिंजने किंवा ड्रॉपरने औषधाचे दोनतीन थेंब चोचीच्या कडेला सोडावेत. कोंबडीने ते गिळले हे पाहावे आणि मगच पुढचे थेंब द्यावेत. मान उचलून मागे वाकवू नये. कोंबडी धापा टाकीत असेल तर थांबावे. गोळी असल्यास तिची पूड करून भाकरीच्या ओल्या घासात कालवावी. मात्र खाणेच सोडलेल्या कोंबडीपुढे असा घास ठेवण्यात अर्थ नाही.

पाण्यातून औषध देणे सोपे असल्याने तीच रीत अधिक चालते. त्यातील अडचण अशी की, जी कोंबडी सर्वांत आजारी ती सर्वांत कमी पाणी पिते. निरोगी कोंबड्या औषध पितात आणि रोगी तशीच राहते. शिवाय मोकाट कोंबडीला अंगणातील डबके, गोठ्यातील हौद, न्हाणीचे पाणी हे सर्व मोकळे असते. तेव्हा रोगी कोंबडी प्रथम वेगळ्या डालग्याखाली ठेवावी. तिच्याजवळ औषधाच्या पाण्याखेरीज दुसरे पाणी नसावे, आणि हे पाणी रोज सकाळी नवे करावे. कालचे उरलेले पाणी इतर कोंबड्या पोहोचणार नाहीत अशा जागी ओतावे. मात्रा वजनावर ठरते. गावठी कोंबडी दीड किलोच्या आतबाहेर भरते, पण अंदाज करण्यापेक्षा तिला पिशवीत घालून काट्यावर तोलावे. माणसाच्या गोळीचा अर्धा तुकडा ही मात्रा नव्हे.

परंतु कोणत्या रोगावर औषध चालते, हे त्याहून महत्त्वाचे आहे. पावसाळ्यात खुराड्याची जमीन ओली राहिली की लहान पिलांना रक्ती हगवण लागते. तिच्यावर अँप्रोलियमसारखे औषध गुणकारी आहे. ते वेळीच मिळाले तर पिले वाचतात. पोटातील जंतांवरही औषध आहे. देवीच्या पुटकुळ्यांवर हळद-तेल लावण्यास हरकत नाही. रोग मात्र त्याने जात नाही; तो डास पसरवतात आणि त्याला आळा लसीनेच बसतो.

खरी धास्ती आहे ती मानमोडीची. पुस्तकी भाषेत हिला राणीखेत म्हणतात, कारण कुमाऊँमधील त्या गावी १९२७ मध्ये हिची नोंद झाली. (जुन्नरजवळच्या लेण्यांच्या मानमोडी डोंगराशी तिचा संबंध जोडू नये.) हिरवट पातळ विष्ठा, तोंड उघडून घेतलेला श्वास, लुळे पडलेले पाय व पंख, पिळवटलेली मान ही हिची लक्षणे होत. हा रोग विषाणूचा असल्याने त्यावर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही. दुकानातून आणलेल्या महागड्या पुड्या येथे केवळ पैशाचा नाश करतात. असल्या औषधांचा अकारण वापर माणसांनाही बाधतो. कोलिस्टिन हे औषध माणसाच्या अखेरच्या उपचारासाठी राखून ठेवणे अवश्य असल्यामुळेच केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये कुक्कुटपालनातील त्याच्या वापरावर बंदी घातली.

मानमोडीवर उपाय एकच, तो म्हणजे आधी दिलेली लस. पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून लासोटा, आणि सुमारे आठव्या आठवड्यात टोचून आर-टू-बी, असा क्रम रूढ आहे. लस महाग नाही. अडचण आहे ती कुपीची. एका कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात आणि ती एकदा पाण्यात मिसळली की एकदोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांच्या घरासाठी कोणी कुपी फोडीत नाही. एकेकट्या घराने मागणी केल्यास ती पडून राहते. वाडीने मिळून केल्यास काम होते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने घरोघरची संख्या लिहून घ्यावी, पशुवैद्यकीय दवाखान्याशी दिवस ठरवावा आणि बर्फाच्या थर्मासमधून लस वाडीपर्यंत आणण्याची तजवीज करावी. वेळ पहाटेची किंवा सांजेची धरावी, कारण कोंबड्या तेव्हाच डालग्यात असतात. दिवसा त्यांच्यामागे धावण्यात कुपीतील लस फुकट जाते. जी कोंबडी आजच आजारी दिसते तिला लस टोचू नये.

एकाच वेळी पुष्कळ कोंबड्या पटापट मरू लागल्या, तर औषधाचा विचारच करू नये. महाराष्ट्रात फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवणे माणसालाही धोक्याचे असते. दवाखान्यास तत्काळ कळवावे किंवा १९६२ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. मेलेली कोंबडी ओढ्यात फेकू नये. तपासणीसाठी अधिकाऱ्यांना हवी असल्यास ती तशीच झाकून ठेवावी, अन्यथा खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी.

औषध चालू असलेल्या कोंबडीची अंडी विकू नयेत व घरीही खाऊ नयेत. हा काळ औषधागणिक निराळा असतो, म्हणून तो पशुवैद्यकाकडून विचारून घ्यावा व कुपीवर पाहावा. कोंबडी दोन दिवसांत चरू लागली तरी सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत औषध चालू ठेवावे. बरी झालेली कोंबडी एकदम कळपात सोडल्यास इतर कोंबड्या तिला टोचतात. तिला प्रथम अंधार पडल्यावर इतरांच्या शेजारी बसवावे आणि सकाळी दाणे दोन ठिकाणी टाकावेत.