किती घासायचं?

नांदेड जिल्ह्यात, विशेषतः किनवट भागातल्या काही गावांत, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं. त्याहून जास्त असलेलं पाणी लहानपणी पोटात जात राहिलं, तर पक्के दात खडूसारखे पांढरट ठिपके घेऊन उगवतात आणि पुढे तपकिरी पडतात. हा डाग इनॅमलच्या सूक्ष्म छिद्रांत मुरलेला असतो, ब्रश तिथवर पोचत नाही. डाग सौम्य असेल तर दंतवैद्य हिरडी रबराच्या पडद्याने झाकतात, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कठीण बारीक कणांची पेस्ट लावून रबरी कपाने सावकाश घासतात. साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थर निघतो, त्याबरोबर डागही. खोल डागाला हा उपाय पुरत नाही.

पॉलिशिंग म्हणजे असं मोजूनमापून झिजवणं. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ते प्रयोगशाळेत हातांनीच शिकतात. पोलादाचा तुकडा २२०, ४००, ६०० अशा चढत्या नंबरच्या पॉलिश पेपरवर घासायचा आणि दर पेपरला काटकोनात फिरवायचा, म्हणजे आधीचे ओरखडे संपले की नाही ते कळतं. शेवटी फिरत्या कापडावर अॅल्युमिनाची ओली पूड. उरलेले ओरखडे प्रकाशाच्या तरंगलांबीहून, म्हणजे अर्ध्या मायक्रॉनहून, बरेच लहान झाले की तुकडा आरसा होतो. चकाकी ही फक्त खूण. खरं काम टिकाऊपणाचं.  रेल्वेच्या डब्याचा आस चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला किंचित वाकतो, आणि धातू थकला की तडा बहुधा पृष्ठभागावरच्या एखाद्या ओरखड्यापासूनच निघतो.

तोंडात ओरखड्याचा फायदा जिवाणू घेतात. फिलिंग किंवा कॅपचा खरखरीतपणा सरासरी ०.२ मायक्रॉनच्या वर गेला की त्यांचा थर जास्त साचतो. त्याखाली कितीही गुळगुळीत केलं तरी फारसा फरक पडत नाही. झिर्कोनियाची कॅप बसवताना घासून बेताची केली आणि तशीच खरखरीत ठेवली, तर समोरचा दात झिजतो. म्हणून तिला पॉलिश हवंच.

पण कीट काढताना नैसर्गिक दाताला दर वेळी पॉलिश करून घेण्याचा आग्रह मला पटत नाही. इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपतात. गेलेला थर पुन्हा येत नाही. कीट काढल्यावर जिथे डाग उरलाय तेवढ्याच दातांना पॉलिश पुरतं. मिसरी, राखुंडी, कोळशाची पूड यांचे जाडेभरडे कण तर रोज ओरखडेच पाडतात.