डेंग्यू पहारेकऱ्यालाच कसा गाठतो?

बीड जिल्ह्यातल्या तेलगावसारख्या कमी पावसाच्या पट्ट्यात पिंप, रांजण, हौद भरून ठेवल्याशिवाय भागत नाही. याच स्वच्छ साठवणीत एडिस डासाची मादी अंडी घालते.

डेंग्यूचा विषाणू असलेली मादी चावली की तो कातडीत उतरतो. तिथे डेंड्रिटिक पेशी पहाऱ्यावर असतात. त्यांच्या पृष्ठभागावर ‘डीसी-साइन’ नावाचा ग्राही, म्हणजे ठरावीक रेणू धरणारे प्रथिन असते. जंतूंवरच्या शर्करा ओळखून त्यांना पकडणे हे त्याचे काम. डेंग्यूच्या आवरणावरही अशा शर्करा असतात. ग्राही त्या धरतो, पेशी विषाणूला आत ओढते आणि तो तिथेच वाढू लागतो.

डेंग्यूचे ४ प्रकार आहेत. पहिल्या आजारातली प्रतिपिंडे त्या प्रकाराला रोखतात. वेगळ्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निकामी करतीलच असे नाही. मग पांढऱ्या पेशींवरचा ‘एफसी’ ग्राही प्रतिपिंडाची शेपटी पकडतो आणि तिच्यासोबत विषाणूही आत शिरतो. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू अधिक घातक ठरू शकतो.

पुण्यात १९५२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे डेंग्यू तपासणी संच देशभर जातात. तपासणी वेळेवर करावीच. पण आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवली, तर विषाणूला ग्राहीपर्यंत पोहोचवणारा डासच तयार होत नाही.