'इंपोर्ट' म्हणजे केवळ आयात नव्हे

'इंपोर्ट' म्हटले की आम्हा कापडवाल्यांना बंदर, कस्टम ड्युटी आणि गाठी आठवतात. परंतु इंग्रजी करारनाम्यात हाच शब्द 'अर्थ' किंवा 'आशय' म्हणूनही येतो. 'या कलमाचा इंपोर्ट' म्हणजे या कलमाचा अर्थ. परदेशी मालाशी त्याचा काही संबंध नसतो.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आत वाहून आणणे. इंग्रजीत १५व्या शतकात तो 'अर्थ सुचविणे' या अर्थाने आला. परदेशी माल आणणे हा अर्थ १६व्या शतकातला. गाठीत कापड येते, तसा शब्दात अर्थ येतो. 'इंपॉर्टंट' हाही त्याच घराण्यातला. उर्दूत मात्र घोटाळा नाही: मालाला 'दरामद', अर्थाला 'मफहूम'. अरबीत 'आयात' म्हणजे निशाण्या. मराठी 'आयात' संस्कृतातून आला, दोघांचे फक्त उच्चार जुळतात.

याच कुळातला 'पर्पोर्ट' अधिक जपून वाचावा. कागद अमुक असल्याचे 'पर्पोर्ट' करतो, म्हणजे तो तसा दिसतो. तसा असल्याची हमी नाही. लेटर ऑफ क्रेडिटवर बँक कागदपत्रे पाहते, गाठी उघडत नाही. १ जुलै २००७ पासून लागू झालेल्या यूसीपी ६०० च्या ५व्या कलमात हेच सांगितले आहे. कागद बरोबर आणि माल खराब निघाला, तरी बँक विक्रेत्याला पैसे देते.

म्हणून व्यापारी बांधवांनी सहीपूर्वी असे शब्द जाणकाराकडून समजून घ्यावेत आणि माल जहाजावर चढण्यापूर्वीच्या तपासणीचा दाखला क्रेडिटच्या अटींतच मागावा.