लिव्हरवर चरबी? थायरॉइडही तपासून घ्या

सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ लिहून आले की वस्तीत पहिला प्रश्न येतो तो दारूचा. पंचशील पाळणाऱ्या घरातली, कधी थेंबही न घेतलेली बाई मग तो कागद पेटीच्या तळाशी ठेवून देते. आम्हाला या लाजेचीच जास्त काळजी वाटते, कारण पुढची तपासणी तिथेच थांबते. दारू न पिणाऱ्यांच्या लिव्हरमध्येही चरबी साठते. लठ्ठपणा आणि मधुमेह ही मोठी कारणे. पण कधी कधी एक कारण गळ्यात असते, आणि ते विचारायचे राहून जाते.

गळ्याच्या समोर असलेल्या थायरॉइड ग्रंथीतून मुख्यतः टी-४ हे संप्रेरक निघते. लिव्हर आणि इतर अवयव त्याचे टी-३ करतात. खरे काम टी-३ चे. ते लिव्हरला चरबी जाळायला लावते, रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल खेचून घ्यायला लावते. ते कमी पडले की चुलीतला जाळ मंदावल्यासारखे होते; चरबी जळत नाही, साठत जाते. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेले रेस्मेटिरॉम हे औषध लिव्हरच्या पेशीत टी-३ जिथे चिकटते तिथेच चिकटते. चरबीमुळे लिव्हर कडक होऊ लागलेल्या रोग्यांसाठी ते आहे.

म्हणून शेजारणीची थायरॉइडची गोळी चरबी उतरवायला घेऊ नका. थायरॉइड ठीक असताना ती घेतली तर छाती धडधडते, हाडे ठिसूळ होतात.

थायरॉइड कमी पडण्याचा त्रास बायकांना अधिक. थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे, केस गळणे, पाळीत जास्त रक्त जाणे. रोवणीचा शीण समजून हे अंगावर काढले जाते. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या ओपीडीत सोनोग्राफीचा कागद दाखवा आणि ‘टीएसएच करायची का?’ असे स्वतःहून विचारा. हिशेब उलटा असतो: टीएसएचचा आकडा वाढला म्हणजे बहुधा थायरॉइड कमी पडते आहे.

डॉक्टरांनी गोळी दिली तर सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्या. चहा अर्ध्या-एक तासाने. रक्तवाढीची लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर मध्ये चार तास जाऊ द्या, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. गरोदरपणात ती मनाने बंद करू नका. उलट डोस वाढवावा लागतो.

गोळीने थायरॉइड सुधारला तरी वजनाचे काम उरतेच. भात सोडा असे धानाच्या जिल्ह्यात आम्ही सांगणार नाही, कोणी ऐकणारही नाही. ताटातला भात थोडा कमी, डाळ-भाजी जास्त, चहातली साखर कमी आणि रोज अर्धा तास भरभर चालणे. वजन जास्त असलेल्या ७० किलोच्या माणसाने साडेतीन ते सात किलो उतरवले तरी लिव्हरची चरबी कमी होऊ लागते.